पावतीविना नोंद



गेल्या अंकात या सदरातून आपण बँकखात्यातील वारसनोंदीचा विचार केला. या वेळचा विषय वरवर पाहता आपल्या दुकान-पेढीपासून दूरचा वाटेल. महाविद्यालयीन संशोधन करणारी मुले ग्रंथांचे संदर्भ आणि स्वतःची टिपणे कशी सांभाळतात, आणि त्यासाठी संगणकावर विनामूल्य मिळणारे कोणते साधन आहे, असा तो विषय आहे. हे निवृत्त बँक अधिकाऱ्याने का सांगावे, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. गेल्या वर्षी माझ्या एका चुकीमुळे आमच्या घरातील मुलीचा प्रबंध अडचणीत आला, आणि त्या चुकीतून बाहेर पडताना हे साधन मला शिकावे लागले. चूक माझी होती, म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

माझे वडील शहापूरला धान्याचे दुकान चालवीत. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ते कीर्द लिहावयास बसत. दिवसभराचे व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने कीर्दीत उतरत, आणि मग तेथून ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत जात. कीर्दीत एक अरुंद रकाना असे, ‘खा. पा.’, म्हणजे खातेपान. ही रक्कम खतावणीच्या कोणत्या पानावर गेली, एवढे त्यात लिहायचे. रकाना लहान, पण तो रिकामा राहिला की दिवाळीत हिशेब जुळविताना आठ-आठ रात्री जागावे लागे. पुढे मी बँकेत लागलो, तेथे हाच धडा ‘व्हाउचर’ या नावाने पुन्हा गिरविला. व्हाउचर नाही तर नोंद नाही. सहीविना आलेली किती व्हाउचरे मी पस्तीस वर्षांत परत पाठविली असतील, याची गणती नाही. सहकारी मागून हसत, तेही मला ठाऊक होते.

माझी पुतणी मुरबाडच्या बाजूला एका महाविद्यालयात वाणिज्य शिकविते. राहते शहापूरला, जाते किन्हवली-सरळगाव मार्गे. या प्रवासातच तिला प्रबंधाचा विषय सुचला : शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील आठवडे बाजार आणि तेथील देवघेवीच्या रीती. उधारी कशी चालते, धान्याच्या बदल्यात काय मिळते, रोख केव्हा आली, मोबाईलवरून पैसे देणे कोणी स्वीकारले आणि कोणी नाकारले, हे सारे तिला तपासायचे होते. आमच्या भागाला हा विषय शोभणारा आहे. मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले, हे वाचकांना आठवत असेल. त्याच तालुक्यातून नाणेघाटाची जुनी व्यापारी वाट जुन्नरकडे चढते, आणि वरच्या लेण्यात सातवाहनांचा शिलालेख दानांचे आकडे सांगत उभा आहे. आकड्यांची नोंद ठेवण्याची सवय या मुलखात दोन हजार वर्षांची आहे, असे मी तिला कौतुकाने म्हणत असे.

तिने सहा वर्षे साहित्य गोळा केले. मोबाईलमध्ये पुस्तकांच्या पानांची दीड-दोन हजार छायाचित्रे, झेरॉक्सच्या चार पिशव्या, सात वह्या, वर्तमानपत्रांची कात्रणे, दुकानदारांच्या मुलाखती. शिवाय माझ्याकडची एक डायरी.

त्या डायरीची हकीकत अशी. एप्रिल १९८९ पासून रिझर्व्ह बँकेने ग्रामीण शाखांसाठी ‘सेवाक्षेत्र’ पद्धत सुरू केली. प्रत्येक शाखेला काही गावे नेमून दिलेली असत; त्या गावांची पाहणी करून पतपुरवठ्याचा आराखडा आखायचा, असे ते काम होते. मी तेव्हा मुरबाड भागात होतो. मोटारसायकलवरून गावोगाव हिंडून पाहिले ते रात्री डायरीत लिहीत असे. बँकेच्या रिवाजाप्रमाणे इंग्रजीतच लिहीत असे. पुतणीला तिच्या कामात उपयोग होईल म्हणून मी ती डायरी अभिमानाने तिच्या हाती ठेवली आणि म्हणालो, “ही माझी स्वतःची टिपणे. हवी तशी वापर.”

तिने वापरली. धान्य उसने द्यायचे आणि सुगीनंतर वाढीसह परत घ्यायचे, या रीतीवरचा एक मोठा परिच्छेद तिला फार मोलाचा वाटला. त्यावर तिने चौथ्या प्रकरणाचा अर्धा डोलारा उभारला. निष्कर्ष असा काढला की राष्ट्रीयीकृत बँका खेड्यात पोहोचून वीस वर्षे झाली तरी मुरबाडच्या गावांत दुकानदारांची जुनी धान्यसावकारी जशीच्या तशी चालू होती. पुरावा म्हणून खाली लिहिले : बँक अधिकाऱ्याची क्षेत्रीय टिपणे, १९८९.

तिच्या मार्गदर्शिकेने मसुदा वाचला आणि त्या परिच्छेदाभोवती पेन्सिलीने रेघ ओढून एकच प्रश्न लिहिला : “ही भाषा कोणाची? १९८९ चा बँक अधिकारी असे इंग्रजी लिहीत नाही.”

पुतणी डायरी घेऊन माझ्याकडे आली. पान उघडले. अक्षर माझे, शाई माझी. आधीच्या पानावर एका गावातील विहिरी आणि बैलजोड्या यांची मोजदाद, ती नि:संशय माझी. पुढच्या पानावर तो परिच्छेद. वर तारीख नाही, गावाचे नाव नाही, अवतरणचिन्ह नाही. मी तो चार वेळा वाचला आणि प्रत्येक वेळी अधिक अस्वस्थ झालो. असे वाक्य मला लिहिता आले नसते.

मग आठवले. त्या आराखड्याच्या निमित्ताने मी ठाण्याच्या एका ग्रंथालयात दोन शनिवार बसलो होतो. जुने गॅझेटियर चाळले होते. रात्री नऊ वाजता आम्ही दोघे संगणकापुढे बसलो. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेले मुंबई इलाख्याचे गॅझेटियर आता संगणकावर कोणालाही वाचता येते. त्याचा तेरावा खंड ठाणे जिल्ह्याचा आहे आणि तो १८८२ साली निघाला. साडेदहाच्या सुमारास परिच्छेद सापडला, शब्दाला शब्द.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. १८८२ च्या पुस्तकातील वर्णन माझ्या डायरीतून जाऊन १९८९ चा प्रत्यक्ष पाहिलेला पुरावा झाले होते. एका न लिहिलेल्या संदर्भाने एकशे सात वर्षे गिळली होती. शंभर वर्षांपूर्वीच्या सावकारीचा ठपका १९८९ मध्ये दुकान चालविणाऱ्या माणसांवर आला होता. ती माणसे कोण? त्यांत माझे वडील होते, मुरबाडचे आमचे व्याही होते, वाचकांपैकी कित्येकांचे वडील आणि चुलते असतील. ते सारे निर्दोष होते असे मी म्हणत नाही. आपल्या पेढ्यांनी कोणाला कोणत्या दराने धान्य दिले, याचा शोध लागायलाच हवा. तो कटू असला तरी. परंतु त्यांच्यावर जो आरोप ठेवायचा तो त्यांच्या काळच्या पुराव्याने ठेवावा, आणि त्यांची जी बाजू असेल तीही पुराव्यानेच मांडावी. विलायती सरकारच्या अधिकाऱ्यांनी १८८२ मध्ये काय लिहिले, हा एक पुरावा आहे. १९८९ मध्ये मी डोळ्यांनी काय पाहिले, हा निराळा पुरावा आहे. दोन खाती मी एकत्र केली होती.

ही चूक छापून गेली असती तर कायमची राहिली असती. आज पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या सार्वजनिक भांडारात ठेवले जातात. गांधीनगरचे ‘इन्फ्लिबनेट’ केंद्र ते चालविते. प्रबंध तेथे गेला की तो कोणीही वाचतो, त्यातून उद्धृत करतो, आणि पुढचा संशोधक त्यावर आपले घर बांधतो. वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. प्रबंधातील मजकुराचे दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास दंड नाही. दहा ते चाळीस टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. चाळीस ते साठ टक्क्यांत वर्षभर मनाई. त्यापलीकडे नोंदणीच रद्द. आमचा परिच्छेद टक्केवारीत मोजला तर नगण्य होता. यंत्राने तो सोडूनही दिला असता. मार्गदर्शिका मात्र भाषेचा कान असलेल्या होत्या, म्हणून वाचलो.

पुतणी रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, “काका, आता मला माझ्या सात वह्यांचाही भरवसा वाटत नाही.” त्या वाक्याने मला जे लागले ते रागाने लागले नसते. तिच्या वह्यांतही अनेक पानांवर पुस्तकातील उतारे आणि तिचे स्वतःचे विचार एकाच शाईत, एकाच ओघात लिहिलेले होते. कोणते वाक्य कोणाचे, हे सहा वर्षांनी तिलाही सांगता येईना.

या टप्प्यावर तिच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी ‘झोटेरो’ हे नाव सांगितले. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात जॉर्ज मेसन विद्यापीठ आहे. तेथील इतिहास आणि नवमाध्यम केंद्राने हे साधन २००६ साली प्रथम लोकांपुढे ठेवले. इतिहासकारांनी इतिहासकारांसाठी केलेले हे काम. नाव अल्बेनियन भाषेतील एका क्रियापदावरून घेतले आहे; त्याचा अर्थ एखादी गोष्ट आत्मसात करणे, तीवर प्रभुत्व मिळविणे. आज एक ना-नफा संस्था ते चालविते. ते उतरवून घेण्यास पैसे पडत नाहीत.

फुकट म्हटले की व्यापारी माणूस प्रथम संशय घेतो, आणि ते योग्यच आहे. मीही चौकशी केली. येथे ‘मुक्त’ याचा अर्थ केवळ विनाशुल्क असा नाही. या साधनाची मूळ आज्ञावली खुली आहे; जाणकाराला ती वाचता येते, तपासता येते, सुधारता येते. आणि महत्त्वाचे म्हणजे, आपण भरलेली माहिती केव्हाही पूर्णपणे बाहेर काढून दुसऱ्या साधनात नेता येते. खाते बंद करून शिल्लक घेऊन जाण्याचा हक्क खातेदाराकडेच राहतो. ज्या बँकेत हा हक्क नाही तेथे कितीही व्याज मिळाले तरी खाते उघडू नये, असे मी आयुष्यभर सांगत आलो.

या हक्कावरून एकदा कोर्टकज्जाही झाला. ‘एंडनोट’ हे अशाच कामाचे विकत मिळणारे जुने साधन आहे. त्याच्या तेव्हाच्या मालक कंपनीने, थॉमसन रॉयटर्सने, २००८ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठावर दावा लावला आणि एक कोटी डॉलरची भरपाई मागितली. एंडनोटमधील संदर्भशैलींच्या फायली झोटेरोमध्ये वाचता याव्यात अशी सोय केल्याची तक्रार होती. २००९ मध्ये न्यायालयाने तो दावा काढून टाकला. आपले टिपण आपल्याच मालकीचे राहावे की विक्रेत्याच्या पेटीत अडकावे, हा प्रश्न असा कोर्टापर्यंत गेला होता.

आता याचे काम कसे चालते ते आपल्या भाषेत सांगतो.

संगणकावर झोटेरो बसविले की ब्राउझरमध्ये त्याचे एक बटन बसविता येते. एखाद्या ग्रंथालयाच्या सूचीत किंवा नियतकालिकाच्या पानावर आपण असलो आणि ते बटन दाबले, की लेखक, शीर्षक, वर्ष, प्रकाशक, पृष्ठे ही माहिती वेगवेगळ्या रकान्यांत आपोआप भरली जाते. ही झाली कीर्द. मग या नोंदी विषयवार फोल्डरमध्ये लावता येतात, आणि एकच नोंद दोन-तीन फोल्डरमध्ये दाखविता येते, ही खतावणी. पुस्तकाची पीडीएफ त्या नोंदीला जोडून ठेवता येते, तेथेच उघडून रंगाने अधोरेखित करता येते, आणि अधोरेखित केलेला मजकूर पृष्ठक्रमांकासह टिपणात उतरतो. हा पृष्ठक्रमांक म्हणजेच वडिलांचा तो अरुंद ‘खा. पा.’ रकाना. माझ्या डायरीत तेवढाच नव्हता.

लिहिताना वर्डमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये योग्य जागी थांबून संदर्भ घालण्याची आज्ञा दिली की संदर्भ तेथे बसतो, आणि शेवटची संदर्भसूची आपोआप तयार होते. एका विद्यापीठाची पद्धत एक, नियतकालिकाची दुसरी. पूर्वी पद्धत बदलली की विद्यार्थी चारशे संदर्भ हाताने पुन्हा लिहीत बसत. येथे शैलीचे नाव बदलले की सारी सूची बदलते. अशा हजारो शैली तयार आहेत.

वेबपृष्ठाची नोंद करताना त्या क्षणी दिसणाऱ्या पानाची प्रत साठविण्याचीही सोय आहे. याची किंमत आम्हाला धसईने शिकविली. त्या गावाविषयी २०१६ च्या डिसेंबरात आलेल्या बातम्यांचे दुवे पुतणीने वहीत लिहून ठेवले होते. सहा वर्षांनी त्यांतले अनेक दुवे उघडेनात. बातमी आली होती हे तिला ठाऊक, पण दाखविणार काय? चेक लिहून ठेवला आणि बँकच उठून गेली, तशी ती गत. ज्या बातम्या सापडल्या त्यांच्या प्रती तेव्हाच साठवून ठेवल्या. ज्या सापडल्या नाहीत त्यांच्यावर आधारलेली वाक्ये तिने काढून टाकली.

गेल्या चातुर्मासात आम्ही रोज संध्याकाळी, प्रतिक्रमण आटोपले की, हे काम करीत बसलो. बाहेर पाऊस, आत एक संगणक आणि सात वह्या. मी पिशवीतील कागद वाचून दाखवायचा, तिने नोंद करायची. पस्तीस वर्षे दुसऱ्यांची कागदपत्रे तपासलेल्या माणसाला स्वतःच्या अक्षरापुढे बसविले की काय वाटते, ते त्या संध्याकाळी कळले.

काही गोष्टी अनुभवाने शिकलो. ज्यांची मुले या वाटेवर आहेत त्यांना उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, आपोआप भरलेली माहिती तपासल्याशिवाय स्वीकारू नये. कारकुनाने भरलेले व्हाउचर अधिकारी पाहतोच ना? मराठी ग्रंथकारांची नावे तर हमखास उलटसुलट होतात. कोठे आडनाव आधी, कोठे नुसती आद्याक्षरे, कोठे तेच नाव एकदा देवनागरीत आणि एकदा इंग्रजीत, म्हणजे एका माणसाची दोन खाती. एक रीत ठरवावी आणि शेवटपर्यंत पाळावी. जुन्या मराठी पुस्तकांवर शकवर्ष असते. शक १८७१ म्हणजे इसवी सन १९४९. साधारणतः ७८ मिळवायचे. वर्षाच्या रकान्यात इसवी सन लिहून शकवर्ष शेजारच्या टिपणात ठेवावे.

दुसरी गोष्ट टिपणांची. आम्ही तीन रंग ठरविले. पुस्तकातील शब्द जसेच्या तसे घेतले तर पिवळा, आणि अवतरणचिन्हे सक्तीची. पुस्तकातील आशय आपल्या शब्दांत मांडला तर हिरवा, पृष्ठक्रमांकासह. स्वतःचा विचार असेल तर निळा, आणि खाली तारीख. साधन रंग देते. कोणता रंग लावायचा, हे मात्र लिहिणाऱ्याच्या मनाला ठाऊक असते.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. झोटेरो आपल्या नोंदींची एक प्रत त्यांच्या संगणकावर ठेवते, पण जोडलेल्या फायलींसाठी विनामूल्य जागा ३०० मेगाबाइटपुरतीच असते. जास्त हवी तर पैसे भरावे, नाहीतर पीडीएफ आपल्याच संगणकावर ठेवाव्या. आम्ही दर रविवारी सगळे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतो, आणि ती डिस्क दुसऱ्या घरी, माझ्या कपाटात असते. एकाच तिजोरीत सगळ्या किल्ल्या ठेवू नयेत.

चौथी गोष्ट, नोंद केवळ पुस्तकांचीच करायची असे नाही. मुलाखतीसाठी, हस्तलिखितासाठी, पत्रासाठी वेगळे प्रकार आहेत. सरळगावच्या बाजारात बसणाऱ्या भाजीवालीने सांगितलेली उधारीची रीतही त्याच आदराने नोंदवली गेली, ज्या आदराने १८८२ चे गॅझेटियर नोंदवले गेले. मुलाखत कोणी दिली, कोठे, कोणत्या दिवशी, आणि नाव उघड करण्यास तिची संमती होती की नाही, हे सारे त्या नोंदीत आहे.

हे सारे नवे आहे असे मात्र समजू नये. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये संस्कृतच्या बृहत्कोशाचे काम आरंभले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचले आणि कागदी चिठ्ठ्यांवर उतरविले. अशा चिठ्ठ्यांची संख्या कोटीच्या घरात गेली. प्रत्येक चिठ्ठीवर तो शब्द कोणत्या ग्रंथात, कोणत्या स्थळी आला, हे लिहिलेले आहे. स्थळ नसलेली चिठ्ठी कोशाला निरुपयोगी. आज संगणक करतो ते काम तेथे माणसांच्या पिढ्यांनी लाकडी कपाटे भरून केले.

आपल्या समाजाला तर या शिस्तीचे विशेष ऋण आहे. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातील प्रा. ह. दा. वेलणकर यांचा ‘जिनरत्नकोश’ भांडारकर संस्थेने १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. जैन ग्रंथ आणि ग्रंथकार यांची ती वर्णानुक्रमे लावलेली सूची आहे. कोणता ग्रंथ कोणाचा, त्याची हस्तलिखिते कोणत्या भांडारात, हे त्यातून कळते. वेलणकर जन्माने जैन नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकविणारे डॉ. आ. ने. उपाध्ये बेळगाव जिल्ह्यातील सदलग्याचे. ‘प्रवचनसार’ या ग्रंथाची त्यांची आवृत्ती १९३५ ची. मूळ कर्ता, टीकाकार, त्यांचा काळ, यांविषयी कोणते विधान कशाच्या आधारे केले हे त्यांनी प्रस्तावनेत सविस्तर दाखविले आहे. आणि त्याही मागे जावे तर आपल्या ज्ञानभांडारांतील पोथ्यांच्या शेवटी पुष्पिका असतात. पोथी कोणी लिहिली, कोणासाठी, कोणत्या गावी, कोणत्या तिथीस, हे लेखकाने तेथे सांगितलेले असते. नकल करणारा माणूससुद्धा आपण नकल केली आहे हे लपवीत नसे. मी डायरीत नकल केली आणि पुष्पिका लिहावयास विसरलो.

आपल्या व्रतांत अचौर्य आहे. न दिलेले घेऊ नये. दुकानात ते आपल्याला कळते, कारण तेथे वस्तू दिसते. शब्द दिसत नाहीत, म्हणून ते आपल्या हाती कधी आले याचे भान राहत नाही. मी चोरी करावी म्हणून तो परिच्छेद उतरविला नव्हता. पण ‘ही माझी स्वतःची टिपणे’ असे म्हणून पुतणीच्या हाती दिला, तेव्हा जे माझे नव्हते ते मी दान केले.

ही गोष्ट केवळ पीएच.डी. करणाऱ्यांची नाही. आपल्यापैकी कितीजण कुळाचा इतिहास लिहीत आहेत, मंदिरांच्या स्मरणिका काढीत आहेत, जुन्या वह्यांवरून पेढीची शताब्दी साजरी करीत आहेत. स्मरणिकेत एकाने आठवणीवरून लिहिलेले वर्ष दुसऱ्या स्मरणिकेत इतिहास म्हणून छापले जाते, आणि तिसऱ्या पिढीत त्यावरून भांडणे होतात. ज्यांच्या घरी संगणक जाणणारे मूल आहे त्यांनी त्याला हे साधन शिकावयास सांगावे, आणि आजोबांच्या वहीचे छायाचित्र काढताना ती वही कोणाच्या कपाटातून आली हेही लिहावयास लावावे. ज्यांना संगणक नको त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तेवढी ओळ लिहावी. साधन कोणतेही चालेल.

पुतणीने चौथे प्रकरण पुन्हा लिहिले. जुना निष्कर्ष गेला. १८८२ चे वर्णन त्याच्या वर्षासह राहिले, त्याशेजारी माझ्या पाहणीतील खऱ्या नोंदी आल्या, आणि मधल्या शंभर वर्षांविषयी तिने फक्त तेवढेच लिहिले, जेवढ्याला आधार मिळाला. प्रकरण पूर्वीपेक्षा लहान झाले. प्रबंध सादर करण्यास आठ महिने उशीर झाला, आणि त्या काळात महाविद्यालयातील तिची पदोन्नतीही मागे पडली. संवत्सरीच्या दिवशी मी तिला मिच्छामि दुक्कडम् म्हटले, ते त्या वर्षी तरी नुसता रिवाज म्हणून नव्हते. तिने माझ्या पायांना हात लावला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डायरी उघडून बसली.

माझी संपूर्ण डायरी आता झोटेरोमध्ये हस्तलिखित म्हणून नोंदविलेली आहे, पानापानाची वेगळी टिपणे करून. बहुतेक पानांचा उलगडा झाला. अकरा पानांचा मात्र झाला नाही; ती मी पाहिलेली आहेत, ऐकलेली आहेत की कोठून उतरविलेली, हे मला आठवत नाही. बँकेत ज्या रकमेचा धनी ठरत नाही ती उचंत खात्यात ठेवतात. धनी ठरेपर्यंत ती ना नफ्यात धरता येते ना कोणाला देता येते. पुतणीने त्या अकरा पानांसाठी एक फोल्डर उघडले आहे, आणि त्याला नाव दिले आहे ‘उचंत खाते’. त्यातील एकही वाक्य प्रबंधात गेलेले नाही.